दोन शब्दांचं वाक्य

बालकाचे नाव :

"मनस्विनी," बबिता म्हणाली. इतक्या हळू, की महादेवी सिस्टरनं कार्डावरचं पेन उचललं.

"काय?"

"मनस्विनी. बाईंनी ठेवलंय. आम्ही मनी म्हणताव."

"मग मोठ्यानं सांग की गं. नाव काय चोरून आणलंयस?"

बबिता हसली. तेही आवाज न करता.

बाई म्हणजे सरोजिनीबाई. लातुरात क्लासेसची जी भाऊगर्दी आहे, तिच्या मागच्या गल्लीत त्यांचं मुलींचं हॉस्टेल. तीन मजले, अठ्ठेचाळीस मुली, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस डॉक्टर व्हायला आलेल्या. बबिता तिथं स्वयंपाक करायची. तिचा नवरा देविदास मुलींना ऑटोनं क्लासला सोडायचा नि आणायचा. तिघांचा संसार जिन्याखालच्या खोलीत.

आणि महादेवी सिस्टर त्या भागातल्या आरोग्य केंद्रात बावीस वर्षं सुया टोचत आलेली. "निम्मं लातूर मी रडवलंय," असं ती छाती पुढं काढून सांगायची, आणि ते फार खोटं नव्हतं. तिच्या हाताखालून गेलेली लेकरं आता दप्तरं पाठीवर टाकून क्लासला जाताना दिसत, आणि तिला बघितलं की नकळत दंड चोळत.

वय : दोन वर्षं चार महिने. बूस्टर राहून गेलेला.

महादेवीनं सुई टोचली.

मनीनं तोंड उघडलं. चांगलं मोठं उघडलं, पडजीभ दिसेल इतकं. डोळ्यांतून पाणी घळाघळा आलं. गाल लाल झाले. आणि आवाज आला नाही. टीव्ही चालू ठेवून आवाज तेवढा बंद करावा, तसं ते रडणं.

बावीस वर्षांत महादेवीनं असं रडणं बघितलं नव्हतं.

बालक आवाजाच्या दिशेने वळून बघते का? होय / नाही

हे पान कार्डात त्याच वर्षी आलं होतं. आधी कार्डात वजन, उंची, लस एवढंच असायचं. आता विचारायचं : लेकरू हसतं का, खेळतं का, घरचे त्याच्याशी बोलतात का. नांदेडला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं तेव्हा महादेवी शेवटच्या बाकावर बसून मनात म्हणत होती, आलं, आणखी एक रजिस्टर आलं. पण तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आई लस द्यायला तुमच्याकडे येतेच आहे. तिला परत दुसरीकडे कशाला पाठवता? ती तुमच्यासमोर बसलेली असते त्या पाच मिनिटांत विचारा." हे मात्र तिला पटलं. तिनं पिशवीत लोकरीचा लाल गोंडा, तुरीची डाळ भरलेली डबी, एक स्टीलची वाटी आणि चमचा घातला. तेव्हापासून ती पिशवी तिच्या खांद्यावरून उतरली नव्हती. केंद्रातले डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही वाटी-चमचा घेऊन फिरता, लोकांना वाटेल जेवायला आल्या."

महादेवीनं मनीच्या पाठीमागं वाटी वाजवली. केंद्रात त्या दिवशी साठ बाया, सत्तर लेकरं. कल्ला असा की वाटी तिची तिलाच ऐकू येईना. मनी वळली नाही. आईच्या पदरात तोंड खुपसून बसली.

"बोलते का काही?"

"न्हाई."

"आई? बाबा?"

बबितानं मान हलवली.

महादेवीनं "नाही"वर खूण केली. खाली लिहिलं : ऐकू येत नसावे. जिल्ह्याच्या केंद्रात तपासणीस पाठवणे.

"मुकी हाय का हो सिस्टर?" बबितानं विचारलं. हाही प्रश्न कुजबुजत.

"मी कुठं म्हणाले तसं? गुरुवारी घरी येते. नीट बघू. मग तपासणीला जाऊ, मी येते सोबत."

घरी जाताना बबितानं मनीला छातीशी इतकं आवळलं होतं, की तिचे पाय तेवढे लोंबत होते.

घरभेट : गुरुवार, दुपारी अडीच

हॉस्टेलच्या फाटकातच पाटी. पांढऱ्यावर लाल अक्षरं :

*आवाज नको.*

जिन्यात तीच. जेवणघरात तीच. न्हाणीघराबाहेर तीच, का, ते देव जाणे.

आत पाऊल टाकलं आणि महादेवी थबकली. मार्चातली दुपार, बाहेर ऑटोंची टरटर, कुणाच्या लग्नाची वरात, आणि इथं आत एखाद्या विहिरीच्या तळाशी असावं तसं. पंख्यांची घरघर आणि पानं उलटल्याचा आवाज. लोखंडी खुर्च्यांच्या पायांना मोजे घातलेले. देविदाससुद्धा ऑटो गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणतो, असं तिला नंतर कळलं.

खोलीत बबिता भाजी निवडत होती. मनी भिंतीला टेकून मोबाइल बघत होती. मोबाइलमध्ये एक हत्ती नाचत होता. मुका हत्ती.

"आवाज कामून बंद केलास?"

"वर पोरी अभ्यास करून राहिल्यात ना." बबितानं छताकडं बोट दाखवलं. "परीक्षा हाय."

महादेवीनं पिशवीतून वाटी काढली. आणि तेव्हाच चमचा हातातून निसटला, फरशीवर पडला. ठण्ण.

मनी झटकन वळली. चमच्याकडं बघितलं. महादेवीकडं बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, आणि एवढंसं बोट ओठांवर ठेवलं.

"शूऽऽ."

महादेवीनं कपाळावर हात मारला. "अगं माझी बाई! हिला ऐकू येतंय की. लख्ख येतंय. वर मलाच गप करायलीय!"

बालक आवाजाच्या दिशेने वळून बघते का? ~~नाही~~ होय. खोडून लिहिले. चूक माझी. — महादेवी

बालक किती शब्द बोलते?

चमचा उचलायला ती वाकली, तर मनी जवळ आली. वाकलेल्या कानाशी तोंड आणलं. ऊन ऊन श्वास लागला. आणि श्वासातच एक शब्द :

"ताई."

आवाज नव्हता त्यात. ओठ आणि हवा, बस्स.

महादेवी हललीच नाही. वाकलेलीच राहिली. कंबर दुखायला लागली तरी.

"वर." मनीनं छताकडं बोट केलं. मग, "झोप." मग भाजीकडं बघून, "मेथी."

"बबिता, ही बोलतीय!"

बबिता गोंधळली. "हे व्हय? हे तर लई दिवसाचं करतीय. पर हे बोलनं न्हाई ना, सिस्टर. आवाज कुठाय?"

अकरा शब्द मोजले महादेवीनं. पोळी, पानी, बाबा, ऑटो, मांजर. अकराच्या अकरा कुजबुजलेले. लेकरानं जे ऐकलं ते उचललं होतं. आई कुजबुजते, बाप कुजबुजतो, वरच्या मुली गाल ओढतात ते कुजबुजत. बोलणं म्हणजे हेच, असं तिनं धरून चाललं होतं. आणि रडणं म्हणजे तोंड उघडायचं.

पण अकरा शब्द हे सव्वादोन वर्षांच्या लेकराला फार थोडे. कार्डात पुढची ओळ होती :

दोन शब्दांचे वाक्य बोलते का? ("पाणी दे", "आई ये")

नाही.

"रोज किती वेळ बोलतेस हिच्याशी?"

"पहाटं चारला उठते. डबे, नाष्टा, जेवन. हात रिकामा कुठं ऱ्हातो? आन् बोलायचं तरी..." तिनं पुन्हा वर बघितलं.

महादेवीनं सांगितलं ते सगळं साधं होतं, पैशाचं काहीच नव्हतं. पोळ्या लाटताना बोल. ही कणीक, ही गोल पोळी, ही फुगली बघ. ताट वाजवू दे. गाणं म्हण, येत नसलं तरी म्हण. हिनं एक शब्द टाकला की तू दुसरा जोड. आणि मोठ्यानं. चांगलं घसा मोकळा करून. आतापासून केलं तर ही भरून काढते. राहू दिलं तर शाळेत जाईपर्यंत मागं पडत जाते.

बबिता सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, "परीक्षा झाली की बोलते मी तिच्याशी."

"आणि जूनमध्ये नवी बॅच आली की?"

बबितानं मेथीची जुडी खाली ठेवली. "सिस्टर, ही खोली गेली तर आम्ही कुठं जावं? ह्येचा ऑटो, मव्हा चुल्हा, समदं इथंच बांधलेलं. मागची सैपाकाची बाई होती ना, तिचं पोरगं रडायचं. बाईंनी प्रेमानंच सांगितलं तिला, खोली सोड म्हनून. पर सांगितलं."

घरातील निर्णय कोण घेते?

हा प्रश्न कार्डात होता, पण तिथं सरोजिनीबाईंसाठी जागा नव्हती.

त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. स्वच्छ सुती साडी, स्वच्छ टेबल, स्वच्छ बोलणं. महादेवीला चहा दिला, सोबत बिस्किटंही.

"सिस्टर, पहिलीचा वर्ग शिकवलाय मी. मला मूल कळतं. मनस्विनीसारखं समंजस मूल मी बघितलं नाही. नाव मीच ठेवलं. पाटी आणलीय तिच्यासाठी, ही बघा."

पाटी खरंच आणली होती. लाकडी चौकटीची.

"पाटी छान आहे, बाई. पण त्याआधी तिला ओरडता आलं पाहिजे."

"ओरडायला कुणी शिकवावं लागतं का?"

"हिला लागेल."

सरोजिनीबाईंनी चष्मा काढून पुसला. "हदगावहून, मुदखेडहून पालक येतात. काही जणांनी शेतातलं काम टाकून पोरीला आणलेलं असतं. ते खोली बघत नाहीत, गादी बघत नाहीत. पाच मिनिटं दारात उभे राहून ऐकतात. काही ऐकू आलं नाही की म्हणतात, इथंच ठेवा. दोन महिने थांबा. परीक्षा होऊ द्या."

"दोन महिने तुमच्या मुलींसाठी थोडे असतील, बाई. त्या लेकराच्या आयुष्यातले ते लई मोठे."

"मी नाही म्हटलेलं नाही. थांबा म्हटलंय."

महादेवी जिना उतरली. खाली "आवाज नको"ची पाटी होतीच. तिच्यापुढं उभं राहून तिनं मनातल्या मनात एक शिवी दिली. आवाज न करता.

घरातील इतर व्यक्ती :

"सासू," बबितानं सांगितलं. "कावेरीबाई. निलंग्याकडं गावी असते."

"बोलते का?"

बबिता पहिल्यांदा जरा मोठ्यानं हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "सिस्टर, ती फोनवर बोलली तर फोनची गरज लागत न्हाई."

महादेवीनं नंबर घेतला.

फोनवर तिनं एवढंच सांगितलं, की नात चांगली आहे, धडधाकट आहे, फक्त आवाज करत नाही. पलीकडून कावेरीबाईचा आवाज आला, आणि तो मोठा नव्हता. "आवाज करत न्हाई म्हंजी?"

"आवाज करू नये असं वाटतं तिला."

"येते म्या."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं ती उतरली. महादेवी केंद्र आटोपून हॉस्टेलवर आलीच होती. एका हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात पितळी तांब्या. बुडाला पोचे, एका अंगानं चेपलेला. पन्नाशीची बाई, पण पायांत विशीचा वेग.

"तांब्या कशाला आणला, आत्या?" बबितानं कुजबुजत विचारलं.

"पानी प्यायला." मग महादेवीकडं वळून, "तुम्ही सिस्टर व्हय? बसा इथं."

दोघी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. मनी लांबून तांब्याकडं बघत होती.

"भूकंपात मव्हं घर बसलं," कावेरीबाई म्हणाली. आता तिचं गाव नव्या जागी आहे. घरांना आकडे, गल्ल्या सरळ. पण ती बोलत होती ते जुन्या गावाबद्दल. "गणपती बुडवून लोकं निजलेली. पहाटं समदं खाली आलं. माळवदाची माती, धोंडे. देविदास बापापाशी रानात व्हता म्हनून वाचला. म्या आत. हात मोकळा व्हता आन् हाताला ह्यो तांब्या लागला. जातं व्हतं शेजारी. जात्यावर आपटीत ऱ्हायले. दुपारपत्तर."

"तांब्या चेपला तो..."

"व्हय. लोकं कुठं खांदत व्हती? जिथून आवाज येईल तिथं. समद्या गावात हातं किती, आन् ढिगारे किती. आवाज आला की तिकडं पळायची." तिनं तांब्या मांडीवर उलटा केला. "धाकली सा महिन्यांची. सासूपाशी व्हती, पलीकडच्या खणात. तिचा आवाज न्हाई आला. तिच्याकडं लोकं दुसऱ्या दिशी गेली."

कार्ड महादेवीच्या मांडीवर होतं, ते तिनं मिटून ठेवलं.

"तर सिस्टरबाई," कावेरीबाई उठली आणि कमरेला पदर खोचला. "मह्या घरचं लेकरू गप ऱ्हायचं न्हाई."

घरात खेळायला काय आहे?

एक तांब्या. एक उलतनं.

हॉस्टेलच्या अंगणाच्या मधोमध कावेरीबाईनं बसकण मारली. मनीला समोर बसवलं. आणि उलतन्यानं तांब्यावर असा टोला हाणला, की वरची कबुतरं उडाली.

बबिता स्वयंपाकघरातून धावली. "आत्या! आत्या, न्हाई! बाई हायत वर!"

"असू दे. त्यान्लाबी ऐकू येऊ दे."

ठण्ण. ठण्ण. ठण-ठण-ठण्ण.

मनीच्या डोळ्यांचे वाडगे झाले. तिनं दोन्ही हात पसरून आजीला थोपवायचा प्रयत्न केला. मग बोट ओठांवर. "शूऽ." कावेरीबाईनं तिच्याकडं बघून अजून जोरात वाजवलं आणि वर स्वतःचं गाणंही सुरू केलं. चाल कसलीच नव्हती, शब्दही जागच्या जागी जुळवलेले : मेथीची भाजी, मनी माझी ताजी.

पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. मग दुसऱ्या मजल्यावरची. मग एकदम सगळ्याच. कठड्यावर डोकीच डोकी, कानांत बोळे, हातांत पेनं. इरा नावाची हदगावची मुलगी, दुपारी जेवताना मनीच्या ताटात गुपचूप गूळ ठेवणारी, सगळ्यांत आधी खाली आली. महादेवीला वाटलं, आता ही तक्रार करणार. इरा पायरीवर बसली, कानातले बोळे काढले आणि टाळी वाजवायला लागली.

मग आणखी चौघी. मग दहा. कुणी पट्टी कठड्यावर आपटली. कुणी जेवणघरातलं ताट आणलं. दोन महिने घशात अडकलेलं काहीतरी निघावं, तशा त्या मुली हसत होत्या, ओरडत होत्या, काहीही.

आणि वरून सरोजिनीबाई उतरल्या.

टाळ्या थांबल्या नाहीत, नुसत्या ढेपाळल्या. कावेरीबाई मात्र वाजवत राहिली.

"कावेरीबाई." बाईंचा आवाज शांत होता. "या मुलींची परीक्षा आहे."

"हाव, ठावं हाय. डाक्टर होनार त्या."

"मग?"

"मही नात बोलली न्हाई, तर उद्या तिला घेऊन ह्यांच्याच दारात यावं लागंल न्हवं? त्यापरीस आत्ताच अर्धा तास द्या. ह्यांचीबी तकलीफ वाचंल."

कुणीतरी फिसकन हसलं. बबिता दाराला धरून उभी होती, तोंडावरचा रंग गेलेला. तिला खोलीतलं सामान बांधलेलं दिसत असावं. महादेवी पुढं झाली, "बाई, फोन मी केला होता. जे बोलायचं ते मला बोला." सरोजिनीबाई तिच्याकडं वळल्या, त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलींनी कावेरीबाईला जोर यावा म्हणून एकाच वेळी सगळी ताटं बडवली. कानठळ्या बसल्या.

मनी उभी राहिली.

एकदा आजीकडं बोट. शू. एकदा इराकडं. शू. कठड्याकडं. शू. कुणी ऐकेना. उभ्या आयुष्यात तिचं शू पहिल्यांदाच वाया जात होतं. तिचा खालचा ओठ थरथरला. तिनं दोन्ही मुठी आवळल्या, पोटात श्वास ओढला, टाचा उचलल्या, आणि त्या एवढ्याशा अंगातून, तिन्ही मजल्यांवर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत :

"आवाज नकोऽऽ!"

सगळं थांबलं. ताटं, टाळ्या, तांब्या.

सगळ्यांत जास्त दचकली ती मनीच. आवाज कुठून आला, म्हणून तिनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

बबिता तिथंच खाली बसली.

आणि सरोजिनीबाई, ज्या काहीतरी वेगळं बोलायला उतरल्या होत्या, चौतीस वर्षांच्या सवयीनं पटकन खाली वाकल्या.

"शाब्बास!" त्या म्हणाल्या. "परत म्हण बघू?"

"आवाज नको!"

"अजून मोठ्यानं."

"आवाऽऽज नको!"

मग वाकल्या वाकल्याच त्यांच्या ध्यानात आलं आपण काय करतोय ते. सरळ झाल्या, पदर सारखा केला. मुलींकडं बघितलं.

"साडेपाच ते सहा," त्या म्हणाल्या. "रोज. त्यानंतर टाचणी पडलेली ऐकू आली पाहिजे. आणि पालक आले तर सांगायचं, हा अभ्यासक्रमाचा भाग आहे."

"कसला अभ्यासक्रम, बाई?" इरानं विचारलं.

"बालरोग," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

दोन शब्दांचे वाक्य बोलते का?

महादेवीनं पायरीवर बसूनच कार्ड उघडलं. आधीची खूण खोडली. "होय"वर खूण करताना पेन जरा कागदात रुतलं.

शेरा : शेऱ्याला एकच ओळ होती, त्यामुळं महादेवी समासात, मग मागच्या पानावर गेली : ऐकू येते. तपासणी तरी करून घेणार, सोबत जाते. आईला पोळ्या लाटताना बोलायला सांगितले, आज बोलली, कणीक आणि पोळी दोन्हींबद्दल. आजी महिनाभर राहणार म्हणते. साहित्य : तांब्या एक, चेपलेला, चालतो.